माल्टाची पाषाणमंदिरे

भूमध्य समुद्रात, सिसिली बेटाच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर माल्टा आणि गोझो ही दोन लहान बेटे आहेत. माल्टाचे क्षेत्रफळ २४६ चौरस किलोमीटर, तर गोझोचे अवघे ६७. दोन्ही मिळून बृहन्मुंबईहूनही लहान. बारमाही नदी नाही, अरण्य नाही, धातूची खाण नाही. चुनखडीच्या खडकावर मातीचा पातळ थर आहे आणि पाऊस काय तो हिवाळ्यात पडेल तेवढाच. अशा या भूमीवर साडेपाच हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या एका लहान समाजाने प्रचंड शिळांची देवालये उभारण्यास प्रारंभ केला आणि पुढे हजार वर्षे तो ती उभारीत राहिला. लहानमोठी मिळून अशी तीसएक स्थळे आज ज्ञात आहेत. इजिप्तमध्ये पहिला पिरॅमिड उभा राहिला त्या वेळी यांतील सर्वांत जुनी देवालये आठ-नऊशे वर्षांची झाली होती.

ही देवालये बांधणाऱ्यांजवळ लोखंड नव्हते, तांबेही नव्हते. त्यांना लिपी अवगत नव्हती. ते स्वतःस काय म्हणवीत, कोणती भाषा बोलत, देवाला कोणत्या नावाने हाक मारीत, यांपैकी काहीही शिल्लक उरलेले नाही. आज माल्टात बोलली जाणारी भाषा अरबीच्या कुळातील असून ती तेथे मध्ययुगात आली. देवालये बांधणाऱ्यांशी तिचे कोणतेही नाते नाही. त्यांच्याविषयी जे काही कळले आहे ते दगड, माती, हाडे आणि खापरे यांवरून. यामुळे ही माती कोणी उपसली, कशी उपसली आणि उपसताना काही टिपून ठेवले की नाही, यावरच त्या लोकांची ओळख बव्हंशी अवलंबून राहिली. माल्टाच्या प्राचीन देवालयांचा इतिहास सांगताना त्यांच्या उत्खननाचाही इतिहास सांगावा लागतो तो यासाठी.

राक्षसिणीचे बांधकाम

गोझो बेटावरील शारा या गावाच्या कडेस एका टेकाडावर ‘जिगांतिया’ नावाची दोन देवालये एकमेकांस लागून उभी आहेत. त्यांपैकी जुने इ. स. पूर्व ३६०० च्या सुमाराचे आहे. दोहोंभोवतीची सामाईक भिंत काही ठिकाणी अद्याप सहा मीटर उंच असून तिच्यातील सर्वांत मोठ्या शिळांचे वजन ५० टनांच्या घरात जाते. ‘जिगांतिया’ या नावाचा अर्थच मुळी राक्षसांची जागा. गोझोत एक लोककथा सांगतात. केवळ घेवड्याच्या जातीच्या शेंगा आणि मध खाऊन राहणाऱ्या एका राक्षसिणीला मानवापासून मूल झाले. ते मूल खांद्याशी बांधून तिने या शिळा वाहिल्या आणि हे बांधकाम पुरे केले.

मानवी आवाक्याबाहेरचे वाटणारे काम पाहिले की त्याचा कर्ता मानवाहून मोठा मानावयाचा, ही लोकमानसाची जुनीच रीत आहे. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आपल्याकडे पांडवलेणी म्हणतात, ते याच रीतीने. शिलालेखांवरून ती लेणी कोणी दान दिली हे कळू शकले. माल्टात असा एकही लेख नाही.

महाराष्ट्रातील वाचकांस ‘महापाषाण’ हा शब्द विदर्भातील शिलावर्तुळांमुळे परिचित आहे. नागपूरजवळ जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा येथे अशी वर्तुळे असून तेथील उत्खननांत लोखंडाची हत्यारे आणि घोड्याचे साज मिळाले. परंतु ती मृतांची स्मारके आहेत आणि त्यांचा काळ इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकाचा, म्हणजे माल्टाच्या देवालयांहून दोन हजारांहून अधिक वर्षांनी अलीकडचा आहे. मोठे दगड वापरणे एवढेच दोहोंमध्ये समान आहे. एकाच नावाखाली ठेवल्या गेलेल्या गोष्टी एकाच वंशाच्या असतात, हा समज शाळांतूनही आढळतो म्हणून हा खुलासा.

रचना आणि साधने

माल्टात चुनखडीचे दोन प्रकार मिळतात. एक प्रवाळांपासून बनलेला, करड्या रंगाचा आणि कठीण. दुसरा मधासारख्या पिवळ्या रंगाचा, मऊ, धारदार दगडाने सहज तासता येणारा. देवालये बांधणाऱ्यांना हा भेद उत्तम ठाऊक होता. जिगांतियाची बाहेरील भिंत त्यांनी कठीण दगडाची केली आणि आतील दारे, पीठे व फरशी यांकरिता मऊ दगड काही अंतरावरून आणविला. माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावरील ‘हाजर इम’ या देवालयाजवळ केवळ मऊ दगडच होता, म्हणून ते सबंध देवालय त्याच दगडात झाले. त्याच्या बाहेरील भिंतीतील एक शिळा वीस टनांहून जड आहे. तेथून खाली समुद्राच्या दिशेने अर्धा किलोमीटर उतरून गेले की ‘म्नायद्रा’ हा तीन देवालयांचा समूह लागतो.

शिळा हलविण्याची युक्ती तार्शीन या गावी उघड झाली. तेथील देवालयाच्या भिंतीबाहेर दगडाचे गोळे सापडले आणि काही गोळे शिळांच्या तळाशीही आढळले. शिळेखाली असे गोळे सारून, तरफा लावून आणि दोर ओढून ती जागेवर नेत असत. जागेवर आल्यावर तरफेचे टोक बसावे म्हणून शिळांच्या खालच्या कडेला मुद्दाम खाचा केलेल्या दिसतात. तासकामासाठी चकमकीचा दगड आणि ज्वालामुखीतून निघणारी काळी काच ही हत्यारे होती. चांगल्या प्रतीचा चकमकीचा दगड सिसिलीहून येई, काळी काच लिपारी व पँटेलेरिया या बेटांवरून येई. भिंती रंगविण्याचा गेरूदेखील बाहेरूनच येत असे. समुद्रापलीकडे जाण्यायेण्याची नावाड्यांची विद्या या लोकांजवळ होती, हे यावरून सिद्ध होते.

देवालयाचा आराखडा विलक्षण आहे. समोर मोकळे अंगण, अंगणाकडे अंतर्वक्र वळलेली दर्शनी भिंत आणि तिच्या मध्यभागी दार. दोन उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून हे दार केलेले असते. आत गेल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांस अर्धवर्तुळाकार दालने लागतात. कोठे तीन, कोठे पाच, कोठे त्याहून अधिक. वरून पाहिले असता तिपानी पानासारखी आकृती दिसते. एका सलग शिळेत चौकोनी छिद्र पाडून त्याचेच दार केल्याचीही उदाहरणे आहेत. चौकटींत अडसराची भोके आणि दोर ओवण्याची छिद्रे आहेत, त्यावरून आतील भाग हवा तेव्हा बंद करता येत असे हे उघड आहे. सर्वांना सर्वत्र प्रवेश नसावा. अंगण समाजासाठी आणि गाभा काही मोजक्यांसाठी, अशी विभागणी तेथे होती असा अनेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

आता एकाही देवालयाचे छप्पर शाबूत नाही. मात्र दालनांच्या भिंतींचे वरचे थर आत कललेले आहेत, एकेक थर खालच्या थराहून थोडा पुढे काढून वरचे तोंड आकुंचित करीत नेल्याचे त्यावरून कळते. उरलेली पोकळी कशाने झाकीत, याचे उत्तर बांधणाऱ्यांनीच एका परीने देऊन ठेवले आहे. ‘ता हाजरात’ या स्थळी देवालयाची एक चिमुकली दगडी प्रतिकृती मिळाली आणि तिच्यावर छप्पर दाखविलेले आहे. म्नायद्राच्या मधल्या देवालयात तर एका शिळेवर देवालयाचे दर्शनी रूप कोरलेले आहे. प्रतिकृती आणि रेखांकन केल्याशिवाय असे काम तडीस जात नाही, हे आजच्या कोणत्याही गवंड्यास सांगावे लागणार नाही.

म्नायद्राचे दक्षिणेकडील देवालय पूर्वाभिमुख आहे. ज्या दिवशी दिवस आणि रात्र समान असतात, त्या दिवशी उगवत्या सूर्याचे किरण मुख्य दारातून सरळ आत शिरून मधल्या मार्गाने गाभ्यापर्यंत जातात. उत्तरायण आणि दक्षिणायन ज्या दिवशी सुरू होते, त्या दिवशी तेच किरण आतील दाराच्या दोन बाजूंच्या शिळांच्या कडांवर पडतात. पेरणी केव्हा करावी हे ज्यांना आकाशाकडे पाहूनच ठरवावे लागे, त्या शेतकऱ्यांना अशा वास्तूचे मोल काय वाटले असेल हे शेतीशी संबंध असणाऱ्यास समजू शकेल.

डॉक्टर झामिट आणि तार्शीनचे शेत

१९१३ साली तार्शीन येथील एका शेतकऱ्याने संग्रहालयाच्या प्रमुखांस कळविले, की आपल्या शेतात नांगर पुनःपुन्हा मोठमोठ्या दगडांस अडतो आणि हे दगड नेहमीच्या खडकासारखे नाहीत. शेतकऱ्याने एवढे सांगितले, आणि ऐकणाऱ्याने ते ऐकून घेतले. ऐकणारे गृहस्थ होते थेमिस्तोक्लीस झामिट.

झामिट हे मूळचे वैद्यक व्यवसायातील. माल्टात त्या काळी एक चिवट ताप पसरत असे. ब्रिटिश सैनिकांनाही तो फार पीडा देई. हा रोग शेळ्यांच्या अंगात असतो, ही गोष्ट झामिट यांनी १९०५ साली प्रयोगाने दाखविली आणि न उकळलेल्या शेळीच्या दुधातून तो माणसाला होतो हे त्यातून निष्पन्न झाले. जनावरांपासून होणारा हा रोग आज ‘ब्रुसेलोसिस’ या नावाने पशुवैद्यकांना परिचित आहे. रोग्याची नोंद ठेवण्याची हीच सवय झामिट यांनी उत्खननात आणली. १९१५ मध्ये त्यांनी तार्शीनच्या शेतात कामास प्रारंभ केला. १९१९ पर्यंत तेथून एकास एक जोडून असलेली देवालये बाहेर आली. माल्टातील देवालयांत सर्वांत अलंकृत अशी हीच होत.

शिळांवर सर्पिल वेलींची नक्षी आहे. शेळ्या, मेंढ्या आणि डुकरे यांच्या रांगा कोरलेल्या आहेत. एका दालनात एका भव्य मूर्तीचा खालचा अर्धा भाग उभा आहे. चुण्यांचा घागरा, त्याखाली जाड पोटऱ्या आणि लहान पावले. वरचा भाग नाहीसा झाला आहे. मूर्ती पूर्ण असताना तिची उंची पावणेतीन मीटरच्या आसपास होती. त्याच दालनात नक्षीदार पीठाच्या पुढील बाजूस एक दगडी बूच बसविलेले होते. ते काढले तेव्हा आतील पोकळीत चकमकीच्या दगडाची सुरी आणि शेळीचे शिंग निघाले. बळी देण्याची सुरी तिच्या कोनाड्यात ठेवून कोणीतरी बूच लावले, त्यानंतर चार हजारांहून अधिक वर्षांनी ते उघडले गेले.

झामिट यांचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण दिसायला अगदी साधे होते. वरच्या थरात त्यांना कांस्ययुगातील लोकांची दफनभूमी लागली. प्रेते जाळून त्यांची रक्षा मडक्यांत ठेवलेली होती आणि सोबत तांब्याची हत्यारे होती. त्याखाली मानवी वापराची खूण नसलेला मातीचा थर, आणि त्याच्याही खाली देवालयाची फरशी. देवालये बांधणारे आणि त्यांवर मृतांची रक्षा ठेवणारे हे दोन निराळे समाज होते आणि दोहोंच्या मध्ये काही काळ गेला, हे थरांच्या या क्रमावरून ठरले. घाईने सगळी माती एकाच ढिगात टाकली असती तर तांब्याची हत्यारे आणि देवालये एकाच लोकांची ठरून गेली असती.

जे टिपले गेले नाही

या पद्धतशीर कामाच्या शेजारी दुसरी उदाहरणे ठेवली म्हणजे त्याची किंमत कळते. जिगांतियातील माती १८२७ च्या सुमारास कर्नल ओटो बायर यांनी उपसून काढविली. त्या मातीत काय होते, कोणत्या थरात होते, याची कोणतीही पद्धतशीर नोंद झाली नाही. हाजर इम येथे १८३९ मध्ये असेच झाले.

तार्शीनपासून जवळच हाल साफ्लिएनी येथे १९०२ मध्ये घरे बांधण्याचे काम चालू होते. पाण्याच्या टाक्यांसाठी खडक फोडताना मजुरांच्या पहारी अचानक पोकळीत शिरल्या. खाली खडकात कोरलेली दालने होती. ही गोष्ट तत्काळ कळविण्यात आली नाही. घरे पुरी होईपर्यंत ती दडवून ठेवण्यात आली आणि बांधकामाचा काही राडारोडाही त्याच दालनांत लोटला गेला. अधिकाऱ्यांस कळल्यावर मॅन्युएल माग्री या जेझुइट धर्मगुरूंकडे उत्खनन सोपविण्यात आले. माग्री हे माल्टाच्या लोककथांचे जाणते संग्राहक होते. परंतु १९०७ साली ट्युनिशियातील स्फाक्स येथे त्यांचे निधन झाले आणि उत्खननाच्या त्यांच्या टिपणवह्या पुढे मिळाल्याच नाहीत. राहिलेले काम झामिट यांनी केले.

हाल साफ्लिएनीचे हे भूमिगत स्थळ तीन मजल्यांत असून ते जमिनीखाली सुमारे साडेदहा मीटरपर्यंत गेलेले आहे. सूर्यप्रकाश नसताना केवळ दगडी हत्यारे आणि शिंगे वापरून हा खडक पोखरला गेला. मधल्या मजल्यावरील दालनांत खांब, चौकटी आणि आत कलणारे थर हुबेहूब कोरले आहेत. जमिनीवरील देवालयांचे छप्पर कसे दिसत असेल याचा दुसरा पुरावा येथे मिळतो. काही छतांवर गेरूने रंगविलेली सर्पिले आहेत. एका दालनातील कोनाड्यात खालच्या पट्टीतील पुरुषी आवाज काढला असता तो सर्व दालनांत घुमतो. येथेच निद्रिस्त स्त्रीची सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची मातीची मूर्ती सापडली. खाटेवर कुशीस वळून, एक हात डोक्याखाली घेऊन ती निजलेली आहे. आज ती व्हॅलेटा येथील पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

हे स्थळ मुख्यतः मृतांसाठी होते. झामिट यांनी तपासलेल्या भागावरून हिशेब करून येथे सुमारे सात हजार माणसांचे अवशेष ठेवले गेले असावेत असा अंदाज दिला. परंतु त्यांतील बहुतेक हाडे त्यापूर्वीच नाहीशी झाली होती. ती माणसे किती उंच होती, कोणत्या वयात मरत, काय खात, हे हाल साफ्लिएनीवरून सांगणे अशक्य झाले.

ही उणीव पुढे गोझोने भरून काढली, ती एका चित्रामुळे. १८२० च्या दशकात शारल द ब्रोक्तोर्फ या चित्रकाराने गोझोतील उत्खननांची जलरंगातील चित्रे काढली होती. त्यांत शाराजवळच्या एका शिलावर्तुळाचे चित्र होते. मध्यभागी खोल खड्डा आणि भोवती उभ्या शिळा. पुढे खड्डा बुजविण्यात आला, शिळा बांधकामास गेल्या, वर शेत झाले आणि जागाच विस्मृतीत गेली. १९६४ मध्ये गोझोतीलच एका अभ्यासकाने चित्र आणि शेतांचे बांध ताडून पाहत ती जागा पुन्हा शोधली. १९८७ ते १९९४ या काळात ब्रिटिश आणि माल्टीज पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. खडकातील गुहांत दोन लाखांहून अधिक मानवी हाडे आणि हाडांचे तुकडे मिळाले. या वेळी प्रत्येक तुकड्याची जागा टिपली गेली.

काळ कसा ठरला

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील विद्वानांची अशी धारणा होती, की वास्तुकला पूर्वेकडे, म्हणजे इजिप्त आणि इजियन समुद्राच्या परिसरात जन्मली आणि तेथून ती पश्चिमेकडील मागास प्रदेशांत गेली. तार्शीनच्या सर्पिल नक्षीचे ग्रीसमधील मायसिनीच्या नक्षीशी साम्य दिसे. मग मायसिनीवरून ती माल्टात आली असणार, आणि म्हणून देवालये मायसिनीनंतरची असणार, असे अनुमान काढले जाई. शेतकऱ्यांच्या एका गरीब बेटाला आपल्या बुद्धीने असे काही सुचले असेल, हे कोणाच्या विचारात बसत नव्हते.

ही धारणा किरणोत्सारी कार्बनाच्या मोजणीने मोडली. प्रत्येक सजीव हवेतून कार्बन घेतो आणि त्यात किरणोत्सारी कार्बनाचा अत्यल्प अंश असतो. जीव मेला की नवा कार्बन येणे थांबते आणि असलेला किरणोत्सारी अंश ठराविक गतीने घटत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. यावरून कोळसा, धान्य किंवा हाड किती जुने आहे ते मोजता येते. विलार्ड लिबी यांनी ही पद्धत १९४९ मध्ये मांडली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६१ ते १९६३ या काळात डेव्हिड ट्रंप यांनी स्कोर्बा येथे देवालयाखालील जुन्या वस्तीचे थर उत्खनित केले आणि तेथील नमुने या मोजणीसाठी गेले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील दीर्घायुषी पाइन वृक्षांच्या खोडांतील वार्षिक वलये मोजून या पद्धतीतील त्रुटी दुरुस्त करण्यात आली, तेव्हा तारखा आणखी मागे गेल्या. माल्टाची देवालये मायसिनीहून दीड-दोन हजार वर्षे जुनी ठरली. ज्यांच्याकडून विद्या घेतली असे मानले जात होते, ते गुरू शिष्याच्या कितीतरी नंतर जन्मलेले निघाले. कॉलिन रेनफ्रू यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या उलथापालथीचे जे विवेचन केले, त्यात माल्टाला महत्त्वाचे स्थान होते.

काही वर्षे ही देवालये ‘जगातील सर्वांत जुनी’ म्हणून सांगितली जात. जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि माहितीपुस्तिकांत अजूनही हे वाक्य भेटते. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे येथे क्लाउस श्मिट यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या उत्खननानंतर ते दुरुस्त करावयास हवे. तेथील कोरीव खांबांची वर्तुळे इ. स. पूर्व साडेनऊ हजारच्या सुमाराची आहेत.

देवालयांमागील माणसे

२०१३ ते २०१८ या काळात केंब्रिज व बेलफास्ट येथील विद्यापीठे आणि माल्टातील संस्था यांनी मिळून जो मोठा अभ्यास केला, त्यात जमिनीत खोल नळ्या घालून मातीचे थर काढले गेले आणि त्यांतील परागकण तपासले गेले. त्यावरून पहिले शेतकरी सिसिलीच्या बाजूने या बेटांवर इ. स. पूर्व सहाव्या सहस्रकाच्या आरंभी, म्हणजे पूर्वी मानले जाई त्याहून काही शतके आधी पोहोचले, असे दिसून आले. त्यानंतर दीर्घकाळ मनुष्यवस्ती फार विरळ झाली. इ. स. पूर्व ३८०० च्या सुमारास पुन्हा लोक आले आणि देवालयांचा काळ सुरू झाला.

सातू, गहू आणि मसूर ही त्यांची पिके. शेळ्या, मेंढ्या, गुरे आणि डुकरे हे पशुधन. चहूबाजूंनी समुद्र असूनही त्यांच्या आहारात मासळीला स्थान थोडेच होते, असे हाडांच्या रासायनिक परीक्षणाने दाखविले आहे. शाराच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून लोकसंख्या फार लहान होती आणि नात्यांत विवाह होत असत असे आढळले. मूठभर कुटुंबांचा हा समाज होता. वीस टनांची शिळा ओढण्यास गावातील सर्व धडधाकट माणसे लागत आणि शेजारच्या गावांनाही बोलवावे लागे, हे यावरून ध्यानात येईल. रेनफ्रू यांनी देवालयांचे समूह नकाशावर मांडून प्रत्येक समूहामागे एकेक मुखिया असावा असे सुचविले होते. तथापि राजवाडा, तटबंदी, धनाने भरलेली एखाद्या सरदाराची कबर यांपैकी काहीही माल्टाच्या या काळात आजवर मिळालेले नाही. मृतांची हाडे सर्वांची एकत्रच ठेवलेली आहेत. दंडाच्या बळावर हे काम करवून घेतले गेले असे मानण्यास पुरावा नाही.

त्यांच्या स्थूलदेही मूर्तींना पूर्वी सरसकट ‘मातृदेवता’ म्हटले जाई. आता अभ्यासक सावध झाले आहेत, कारण बहुतेक मूर्तींत स्त्री की पुरुष हे मुळी दाखविलेलेच नाही.

इ. स. पूर्व २३५० च्या सुमारास ही परंपरा थांबली. परागकण आणि गाळ यांच्या अभ्यासातून झाडे फार पूर्वीच विरळ झाल्याचे आणि माती उतारावरून वाहून गेल्याचे दिसते. त्याच सुमारास भूमध्य प्रदेशात हवामान कोरडे होत होते. पातळ मातीची शेती, अवर्षण, लहान लोकसंख्या यांचा एकत्रित भार समाजाला झेपेनासा झाला असावा. परचक्राची किंवा जाळपोळीची खूण देवालयांत नाही.

आजची स्थिती

जिगांतिया १९८० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि त्याच वर्षी हाल साफ्लिएनीचाही स्वतंत्र समावेश झाला. १९९२ मध्ये आणखी पाच देवालये जिगांतियाच्या नोंदीत जोडली गेली. परंतु यादीत नाव आल्याने दगडाची झीज थांबत नाही. मऊ चुनखडी मातीखाली असते तोवर टिकते; उघडी पडली की खारा वारा, पाऊस आणि ऊन तिचे पापुद्रे काढतात. विसाव्या शतकात दुरुस्तीसाठी वापरलेल्या सिमेंटने या दगडास लाभ होण्याऐवजी अपायच झाला. २००१ च्या एप्रिलमध्ये म्नायद्रा येथे रात्री शिरलेल्या समाजकंटकांनी साठएक शिळा पाडल्या, काही फोडल्या. २००९ मध्ये हाजर इम आणि म्नायद्रा यांवर, आणि पुढे तार्शीनवर, मोठी संरक्षक छत्रे उभारण्यात आली. त्यांमुळे देखावा बिघडला अशी तक्रार काही पर्यटक करतात. साडेपाच हजार वर्षांच्या दगडाचा विचार केला तर ही तक्रार फारशी जड भरत नाही.

हाल साफ्लिएनीत दर्शनार्थींच्या श्वासाने वाढणारी आर्द्रता आणि दिव्यांच्या उजेडात वाढणारे शेवाळ यांमुळे गेरूची नक्षी धोक्यात आली. १९९० च्या दशकात ते स्थळ दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आले. २००० मध्ये उघडले तेव्हापासून तेथे दिवसाला सुमारे ८० जणांनाच, लहान गटांनी प्रवेश दिला जातो.

जिगांतियाला मात्र ही काळजी उशिरा लाभली. १८२० च्या दशकात ब्रोक्तोर्फ यांनी काढलेल्या जलरंगचित्रांत तेथील दालनांतील शिळांवर सर्पिल नक्षी ठळकपणे दिसते. आज त्या शिळा जागेवर आहेत. नक्षी मात्र जवळजवळ पुसली गेली असून ती पाहावयाची तर चित्रांतच पाहावी लागते.